विमान एकच, कर दोन: खासगी विमान विकत घेण्याआधी

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा साबण, बिस्किटं आणि छोट्या गाड्या स्वस्त झाल्याची बातमी सगळ्यांनी वाचली. त्याच यादीत खाली एक ओळ होती: वैयक्तिक वापरासाठीच्या विमानांवर ४० टक्के. दर २२ सप्टेंबरला लागू झाले आणि दुसऱ्याच दिवशी म्हापशाहून माझ्या एका जुन्या अशिलांचा फोन आला. बार्ज आणि माल वाहतुकीच्या धंद्यात त्यांची हयात गेली. आता मुलं हाताशी आली आहेत, कामं हुबळीपासून अहमदाबादपर्यंत पसरली आहेत, आणि छोटं विमान घ्यावं हा विचार घरात वर्षभर चालू होता.

"बाब, परवापर्यंत सगळे सांगत होते की विमानावर पाच टक्के जीएसटी. आज पेपरात चाळीस छापलंय. खरं कुठलं?"

"दोन्ही खरं, भाई."

हे उत्तर ऐकून ते चिडले, आणि त्यांचं चिडणं बरोबर होतं. एकाच कारखान्यातून आलेली, एकाच रंगाची दोन विमानं शेजारी उभी असतील तर एकावर पाच आणि दुसऱ्यावर चाळीस कसे? पण विमानाच्या सगळ्या कायद्याचं आणि कराचं मूळ नेमकं तिथे आहे. ते एकदा कळलं की पुढचं कोडं बरंच सुटतं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

पांढरी नंबरप्लेट, काळी नंबरप्लेट

गोव्यात राहणाऱ्याला हे समजावायला फार लांब जावं लागत नाही. पर्यटकाला भाड्याने दिलेल्या रेंट-अ-कॅबच्या गाडीची नंबरप्लेट काळी असते आणि त्यावर पिवळी अक्षरं असतात. आपल्या घरच्या गाडीची पांढरी. गाडी तीच, इंजिन तेच, शोरूमही तोच. पण पांढऱ्या प्लेटची गाडी कळंगुटला कुणी भाड्याने लावली की आरटीओ पकडतो, कारण तिचा परवाना, तिचा विमा, तिचा रोड टॅक्स हे सगळं ती घरच्या वापराची आहे असं धरून ठरलेलं असतं.

विमानाचंही तसंच आहे, फक्त प्लेटचा रंग बदलत नाही, कागद बदलतात. आपल्या देशात विमानांचा कारभार नागरी विमान वाहतूक महासंचालनालय पाहतं. सगळे त्याला डीजीसीए म्हणतात, मीही तेच म्हणेन. भारतात नोंदलेल्या प्रत्येक विमानाच्या अंगावर 'व्हीटी' ही दोन अक्षरं आणि पुढे तीन अक्षरं रंगवलेली असतात. ही नोंदणी डीजीसीए करतं. त्यानंतर मालकापुढे मुख्यतः दोन वाटा असतात. पहिली वाट म्हणजे विमान स्वतःपुरतं, खासगी वर्गात ठेवणं. दुसरी म्हणजे वेळापत्रक नसलेल्या भाडोत्री उड्डाणांचा परवाना काढणं. या परवान्याला धंद्यातली माणसं 'एनएसओपी' म्हणतात. आपण त्याला चार्टर परवाना म्हणू.

खासगी वर्गातल्या विमानातून कुणाकडूनही पैसे घेऊन माणूस किंवा माल नेता येत नाही. चार्टर परवान्यावरच्या विमानातून नेता येतो. एवढ्या एका फरकावर जीएसटी, कस्टम, विमा, वैमानिकाची पात्रता आणि विमानाच्या देखभालीचे नियम असं सगळं अवलंबून आहे.

पाच आणि चाळीस यांतलं अंतर

दहा कोटींचं विमान धरू. हिशेब सोपा राहावा म्हणून कस्टम ड्युटी बाजूला ठेवतो, कारण विमानाच्या बाबतीत मोठा घास जीएसटीचाच असतो. आपल्याकडे अशी विमानं बहुतेक बाहेरूनच येतात, आणि आयात मालावरचा जीएसटी बंदरात किंवा विमानतळावर कस्टम खातंच वसूल करतं.

वैयक्तिक वापराचं विमान असेल तर चार कोटी जीएसटी. बदलाआधी तो २८ टक्के आणि वर ३ टक्के उपकर असा ३१ टक्के होता, म्हणजे तीन कोटी दहा लाख. नव्या दरामुळे नव्वद लाख वाढले. इतर वापरासाठीच्या विमानावर मात्र पाच टक्के, म्हणजे पन्नास लाख. फरक साडेतीन कोटींचा.

आणि गोष्ट तिथे थांबत नाही. धंदा करणाऱ्याला खरेदीवर भरलेला जीएसटी पुढे गिऱ्हाइकाकडून घेतलेल्या जीएसटीतून वळता करता येतो, हे दुकानदारांना ठाऊक आहेच. विमानाच्या बाबतीत केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७ च्या पोटकलम ५ ने ही सोय अडवून ठेवली आहे. विमानावर भरलेला कर तेव्हाच वळता होतो जेव्हा ते विमान प्रवासी किंवा माल वाहण्यासाठी, उड्डाणाचं प्रशिक्षण देण्यासाठी किंवा पुढे विकण्यासाठी वापरलं जातं. विमानाचा विमा, सर्व्हिसिंग आणि दुरुस्ती यांवरच्या जीएसटीलाही हाच नियम. म्हणजे खासगी मालकाचे चार कोटी कायमचे गेले, आणि दर वर्षीच्या देखभालीच्या बिलावरचा करही गेला. चार्टरवाल्याचे पन्नास लाख हळूहळू परत येतात.

इंधनाचं गणित याहून वेगळं. विमानाचं टर्बाइन इंधन, म्हणजे एटीएफ, पेट्रोल-डिझेलप्रमाणे जीएसटीच्या बाहेर आहे. त्यावर राज्यं आपापला व्हॅट लावतात आणि दर राज्याचा दर निराळा. त्यामुळे अनुभवी वैमानिक टाकी कुठे भरायची हे निघण्याआधीच ठरवतो. हा व्हॅट जीएसटीतून वळता होत नाही, चार्टरवाल्यालाही नाही.

हेलिकॉप्टर घेणाऱ्याने आणखी एक लक्षात ठेवावं. २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरच्या काही चैनीच्या वस्तू विकताना विक्रेत्याने गिऱ्हाइकाकडून एक टक्का आयकर आगाऊ घ्यायचा असतो. त्या यादीत यॉट, घड्याळं, चित्रं यांच्या जोडीला हेलिकॉप्टर आहे. विमानाचं नाव मात्र त्या यादीत नाही. हा एक टक्का वाया जात नाही, विवरणपत्रात वजा मिळतो, पण रक्कम त्या दिवशी खिशातून जाते.

"मग परवाना काढू, आणि विमान आपणच वापरू"

भाईंचा पुढचा प्रश्न हाच होता. विमानाची चौकशी करणारा प्रत्येक माणूस तो विचारतो. चार्टर परवान्यावर पाच टक्के भरायचे, वर कस्टम ड्युटीची सूट घ्यायची, आणि विमान मग घरच्यासारखं वापरायचं.

यावर भांडण फार जुनं आहे. २००७ पासून खासगी विमानांवर कस्टम ड्युटी लागू झाली आणि चार्टर परवानाधारकांना त्यातून सूट मिळाली. सूट घेताना आयातदाराने लिहून द्यायचं असतं की हे विमान परवान्यात सांगितलेल्या सेवेसाठीच वापरीन, आणि तसं झालं नाही तर माफ झालेली ड्युटी भरीन. पुढच्या काही वर्षांत अनेक कंपन्यांना कस्टमच्या नोटिसा गेल्या. खात्याचं म्हणणं असं की विमानात बसणारे लोक कंपनीचे अध्यक्ष, त्यांचे नातेवाईक आणि त्याच समूहातल्या कंपन्यांचे अधिकारी आहेत. सर्वसामान्य माणूस तिकीट काढून यात कधी बसला? कंपन्यांचं म्हणणं असं की आम्ही समूहातल्या कंपन्यांना भाडं आकारलं, पावत्या आहेत, आणि चार्टरमध्ये तिकीट छापायचंच नसतं.

वाद न्यायाधिकरणात वेगवेगळ्या खंडपीठांपुढे गेला, निकाल एकमेकांशी जुळेनात, शेवटी तो विस्तारित पीठापुढे आला. २०२२ मध्ये त्या पीठाने परवानाधारकांच्या बाजूने कौल दिला. तिकीट आणि जाहीर दरपत्रक नाही म्हणून सूट नाकारता येत नाही, असा त्याचा आशय.

म्हणजे जिंकले की! हो, पण नोटिशीपासून त्या निकालापर्यंत दशकाहून जास्त काळ गेला. तोवर बँक गॅरंटी अडकलेली, वकिलांची बिलं चालू, आणि विमान विकायला काढलं तर गिऱ्हाईक पहिलाच प्रश्न विचारणार की कस्टमची केस मिटली का. शिवाय या लोकांकडे निदान पावत्या आणि प्रवाशांच्या याद्या होत्या. ज्याने मुळात भाडं आकारलंच नाही, ज्याच्या लॉगबुकात वर्षभर फक्त घरच्यांचीच नावं आहेत, त्याला हा निकालही वाचवणार नाही. त्याने दिलेलं वचन मोडलं आहे, आणि सूट गेली की ड्युटी, व्याज आणि दंड एकदमच येतात.

परवाना मिळवणंही सोपं नाही. संचालकांची सुरक्षा तपासणी होते, मंत्रालयाची ना हरकत लागते. मग डीजीसीएच्या नियमांप्रमाणे उड्डाणप्रमुख, सुरक्षाप्रमुख, देखभालप्रमुख अशी जबाबदार माणसं नेमावी लागतात आणि कामाच्या पुस्तिका मंजूर करून घ्याव्या लागतात. एका विमानासाठी एवढा संसार उभा करणं बहुतेकांना परवडत नाही. म्हणून बरेच मालक आपलं विमान आधीच परवाना असलेल्या कंपनीकडे भाडेकराराने लावतात, टॅक्सी एखाद्या कंपनीला अटॅच करतात तशी. ही वाट कायदेशीर आहे आणि पुष्कळदा शहाणपणाचीही. पण मग विमान त्या परवान्याखाली चालतं, आणि आपल्याला बसायचं असेल तेव्हा आपणही बिल भरायचं. आपल्याच विमानाचं भाडं आपण का भरायचं, हे मनाला पटायला जड जातं हे मी पाहिलं आहे. तरी ते भरावंच लागतं. त्या बिलावरच तर आपण घेतलेली सूट उभी असते.

कंपनीच्या नावावर घेतलं तर?

कंपनीच्या नावावर घेतल्याने विमान आपोआप व्यावसायिक होत नाही. जीएसटी आणि कस्टमच्या सवलती परवान्याला आणि वापराला चिकटलेल्या आहेत. मालकाचं नाव कंपनीचं आहे की माणसाचं, याला तिथे फारसं महत्त्व नाही. खासगी वर्गात नोंदलेलं कंपनीचं विमान घेताना दर कुठला लागेल यावर करसल्लागाराचं लेखी मत हातात घ्यावं, तोंडी आश्वासनावर जाऊ नये.

आयकरात मात्र कंपनीचा खरा फायदा आहे. १९६१ च्या आयकर कायद्याखालच्या नियमांत विमान आणि त्याचं इंजिन यांवर दर वर्षी ४० टक्के घसारा मिळत आला आहे. घसारा म्हणजे वस्तू वापरून झिजते म्हणून तिच्या किमतीचा काही भाग दर वर्षी खर्चात धरणं. दहा कोटींच्या विमानावर पहिल्या वर्षी चार कोटी, उरलेल्या सहावर दुसऱ्या वर्षी दोन कोटी चाळीस लाख, तिसऱ्या वर्षी एक कोटी चव्वेचाळीस लाख. तीन वर्षांत पुस्तकातली किंमत दोन कोटी सोळा लाखांवर येते. विमान वर्षाच्या उत्तरार्धात घेतलं आणि १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर पहिल्या वर्षी घसारा निम्माच.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं म्हणजे विक्री. तेच विमान तीन वर्षांनी सात कोटींना विकलं आणि घसाऱ्याचा तोच दर लागणाऱ्या मालमत्तांच्या गटात कंपनीचं दुसरं काही नसेल, तर सात कोटी आणि दोन कोटी सोळा लाख यांतला जवळपास पावणेपाच कोटींचा फरक अल्पकालीन भांडवली नफा म्हणून कराला येतो. प्रत्यक्षात विमान तोट्यात विकलेलं असतं, तरीही. घसाऱ्याने कर माफ होत नाही, तो पुढे ढकलला जातो, हे विकणाऱ्याला त्या दिवशी कळतं.

दुसरं म्हणजे घरचा वापर. संचालक धंद्याच्या बैठकीला हुबळीला गेला तर तो कंपनीचा खर्च. तोच संचालक कुटुंबासह लग्नाला उदयपूरला गेला तर तेवढ्या भागाचा खर्च आणि घसारा खात्याला नामंजूर करता येतो, आणि संचालकाच्या हातात तो पगाराव्यतिरिक्तचा लाभ म्हणून करपात्र होतो. म्हणून प्रत्येक उड्डाणाच्या नोंदीत कोण बसलं, कुठे गेलं आणि कशासाठी गेलं हे त्याच दिवशी लिहायला हवं. तीन वर्षांनी नोटीस आल्यावर आठवून लिहिलेल्या नोंदीला कुणी विचारत नाही.

गोव्यातल्या नवरा-बायकोचं विमान

हा भाग मुंबई-पुण्याच्या सल्लागारांच्या टिपणात कधीच नसतो, आणि आपल्याकडे तो सगळ्यात आधी यायला हवा.

गोव्यात आजही पोर्तुगीज काळापासून आलेला समान नागरी कायदा चालतो. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा आणि बायको यांची मालमत्ता सामाईक असते, दोघांचा निम्मा-निम्मा वाटा. घर, शेत, सोनं, बँकेतल्या ठेवी यांबद्दल हे गोव्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. विमानही त्यातून सुटत नाही. डीजीसीएच्या प्रमाणपत्रावर एकट्या नवऱ्याचं नाव असलं तरी वैयक्तिक पैशांतून घेतलेल्या विमानात बायकोचा अर्धा हक्क आहे. म्हणून खरेदीच्या, कर्जाच्या आणि पुढे विक्रीच्या कागदांवर दोघांच्या सह्या घ्या, असं मी आग्रहाने सांगतो. गोव्याबाहेरच्या बँकेला आणि विकत घेणाऱ्यालाही हे आधीच सांगावं.

याचा आयकराशीही संबंध आहे. १९६१ च्या कायद्यात कलम ५अ मुद्दाम गोवा आणि दमण-दीव, दादरा-नगर हवेली यांच्यासाठी आहे, आणि ही तरतूद २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही आली आहे. सामाईक मालमत्तेखाली येणाऱ्या जोडप्याचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत सारखं वाटून दोघांच्या विवरणपत्रात दाखवायचं. आता समजा विमान वैयक्तिक नावावर आहे आणि ते चार्टर कंपनीला भाड्याने दिलं आहे. त्या भाड्यातून खर्च आणि घसारा वजा होऊन जे उरेल त्याचा अर्धा भाग पत्नीच्या विवरणपत्रात गेला पाहिजे. नफा असो की तोटा, तो एकट्याच्या नावावर दाखवला तर दोन्ही विवरणपत्रं चुकतात.

मालक वारला तर विमान इतर मालमत्तेबरोबर इन्व्हेंटरीच्या, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून देण्याच्या, कामात येतं, आणि सक्तीच्या वारसांचा हिस्सा ठरलेला असतो. शेत वाटून घेता येतं, घर कुणी एक ठेवतो. विमान मात्र वाटता येत नाही, आणि वाद मिटेपर्यंत उभं ठेवलं तरी त्याची देखभाल थांबवता येत नाही. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्यावर मांडवी-जुवारीत खनिज वाहणाऱ्या बार्ज कशा गंजत उभ्या राहिल्या ते भाईंनी स्वतः सोसलं आहे. ही गोष्ट त्यांना एका वाक्यात कळली. वैयक्तिक नावापेक्षा कंपनीत विमान ठेवण्याचं गोव्यात हे एक मोठं कारण आहे: वारसांना शेअर वाटून मिळतात आणि विमान चालू राहतं.

हातात पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर

आपल्याकडे घराघरांत हा प्रश्न आहे. लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला माणूस भारताचा नागरिक राहत नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं ओसीआय कार्ड हातात आलं तरी ते नागरिकत्व नव्हे. विमान नोंदणीच्या नियमांत भारतीय नागरिकाचं विमान एका वर्गात येतं, आणि भारतात राहणाऱ्या किंवा धंदा करणाऱ्या पण नागरिक नसलेल्या माणसाचं विमान दुसऱ्या वर्गात. दार बंद नाही, पण अर्ज करताना आपण कुठल्या दारात उभे आहोत हे खरं लिहायला हवं. भागीदारीत किंवा कंपनीच्या संचालकांत असा एक जण असेल तर तेही आधीच सांगावं, कारण सुरक्षा तपासणीत ते पुढे येतंच.

जुनं विमान घेताना

बहुतेक जण पहिलं विमान जुनं घेतात. त्यात काही गैर नाही. वीस वर्षांचं नीट सांभाळलेलं विमान पाच वर्षांच्या दुर्लक्षित विमानापेक्षा चांगलं. फक्त आयात करायच्या जुन्या विमानाच्या वयावर डीजीसीएने मर्यादा घातल्या आहेत, त्या आधी पाहाव्यात.

जमीन घेताना आपण एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सातबारा, काढतो, कूळ आहे का बघतो, बँकेचा बोजा आहे का बघतो. विमानाचा एक-चौदा म्हणजे त्याचं नोंदणी प्रमाणपत्र. भाईंबरोबर मी एका विमानाची पाहणी करायला गेलो होतो. विमान देखणं होतं, आतली कातडी आसनं नवी. दाराच्या चौकटीपाशी आत एक छोटी धातूची पट्टी ठोकलेली होती, त्यावर व्हीटीची अक्षरं कोरलेली. आगीत सगळं जळलं तरी ओळख उरावी म्हणून ही पट्टी अग्निरोधक धातूची असते. आम्ही ती अक्षरं प्रमाणपत्राशी ताडून पाहिली, मग कारखान्याने दिलेला अनुक्रमांक पाहिला, तो जुळला. आणि मग प्रमाणपत्रावर गहाणाची नोंद दिसली. विकणाऱ्याने ती सांगितली नव्हती. भाईंचा बयाण्याचा चेक त्यांच्या खिशात होता, तो खिशातच राहिला. बँकेचं कर्ज फिटल्याचं पत्र आणि ती नोंद काढल्याचं नवं प्रमाणपत्र आल्याशिवाय पैसे हलवायचे नाहीत, हे आम्ही तिथेच ठरवलं.

गहाणाशिवायही बोजे असतात. विमानतळाचं थकलेलं पार्किंग, दुरुस्ती करणाऱ्याचं बिल, कर खात्याची जप्ती. विजय मल्ल्यांचं व्हीटी-व्हीजेएम हे एअरबस ए३१९ विमान सेवाकर खात्याने थकबाकीसाठी जप्त केलं आणि ते मुंबई विमानतळावर वर्षानुवर्षं उभं राहिलं. २०१६ मध्ये राखीव किंमत १५२ कोटी होती आणि बोली आली १ कोटी ९ लाखांची. शेवटी २०१८ मध्ये ते ३४ कोटी ८० लाखांना गेलं. त्यांचाच कांदोळीचा बंगलाही अनेक लिलाव फसल्यावर २०१७ मध्ये विकला गेला, पण बंगल्याच्या खालची जमीन तरी झिजत नाही. उभं राहिलेलं विमान रोज किंमत गमावतं.

परदेशातून आणताना एक नियम पक्का: १९४४ च्या शिकागो करारानुसार एक विमान एका वेळी दोन देशांत नोंदलेलं असू शकत नाही. अमेरिकेत नोंदलेलं विमान तिथल्या पुस्तकातून काढल्याचा कागद आल्याशिवाय इथे व्हीटी मिळत नाही. मग ते अमेरिकेतच नोंदलेलं ठेवून गोव्यात वापरलं तर? पाहुणं म्हणून येऊन जाणं वेगळं. इथे कायम ठेवून देशातल्या देशात फिरवायचं म्हटलं की डीजीसीएची परवानगी, कस्टमचा आयातीचा प्रश्न आणि वैमानिकाला त्या देशाचा परवाना, असं सगळं मागे लागतं.

कर्ज परदेशी संस्थेकडून असेल तर ती 'आयडेरा' नावाच्या कागदावर सही मागते. त्याचा अर्थ असा की हप्ते थकले तर विमानाची नोंदणी रद्द करून ते देशाबाहेर नेण्याचा अधिकार मालक आधीच लिहून देतो, आणि तो त्याला एकट्याने मागे घेता येत नाही. २०२३ मध्ये गो फर्स्ट कंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा भाड्याने विमानं देणाऱ्यांना आपली विमानं सोडवायला जवळपास वर्ष लागलं, दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. त्यानंतर २०२५ मध्ये केप टाउन कराराला, म्हणजे विमानांवर कर्ज किंवा भाडं देणाऱ्यांचे हक्क जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराला, कायद्याचं बळ देणारा वेगळा कायदा संसदेने केला. आता हा अधिकार पूर्वीपेक्षा धारदार आहे, हे समजून सही करावी.

ठेवणार कुठे?

गोव्याचा जुना विमानतळ दाबोळी हा नौदलाचा तळ आहे, आयएनएस हंसा. नागरी विमानांना तिथे जागा मिळते ती नौदलाच्या सरावाच्या वेळा सांभाळून. मोपाचा मनोहर विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे आणि तिथे ही अडचण नाही. पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात देशभरातली छोटी विमानं गोव्याकडे झेपावतात, तेव्हा उतरायची वेळ आणि उभं करायची जागा दोन्ही आधी बांधून घ्यावी लागते. म्हणून आधी जागेचं लेखी पत्र, मग खरेदी.

आणि आपली खारी हवा. मच्छीमारी ट्रॉलरच्या मालकाला हे सांगायला नको. विमानाचा सांगाडा बहुतेक ॲल्युमिनियमचा असतो आणि समुद्रकाठचं मीठ त्याला आतून खातं. पावसाळ्यात उघड्यावर ठेवलं तर तपासणी आणि धुलाई जास्त वेळा करावी लागते, आणि उड्डाणयोग्यतेचा आढावा दर वर्षी व्हायचाच असतो. म्हणून हँगरचं भाडं खर्चात धरूनच हिशेब करावा.

मित्राने इंधनाचे पैसे दिले तर?

गोव्यात पायलट म्हटलं की आपल्याला पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल आठवते. तो पायलट भाडं घेतो कारण त्याच्याकडे तसा परवाना आहे. शेजाऱ्याचा मुलगा आपल्याला बाइकवरून पणजीला सोडतो आणि आपण त्याच्या खिशात शंभर रुपये टाकतो, ते कुणी बघत नाही. विमानात मात्र हे चालत नाही. खासगी विमानातून मित्राला नेऊन इंधनाच्या नावाखाली पैसे घेतले तर ते भाडं झालं, आणि विमानाकडे भाड्याचा परवाना नाही. वैमानिकाकडे फक्त खासगी वैमानिकाचा परवाना असेल तर त्यालाही मोबदला घेऊन उडवता येत नाही. डीजीसीए कारवाई करील, १९३४ च्या कायद्याच्या जागी आलेला भारतीय वायुयान अधिनियम त्यासाठी आहे. पण मला जास्त काळजी विम्याची वाटते. पॉलिसी खासगी वापराची असते. अपघात झाला आणि भाड्याची एक पावती किंवा मोबाइलवरचा एक संदेश सापडला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि मग प्रवाशांच्या कुटुंबांची भरपाई मालकाच्या घरादारावर येते.

हे सगळं ऐकून झाल्यावर मी भाईंना एक काम सांगितलं. गेल्या दोन वर्षांत तुम्ही आणि मुलं कुठे कुठे गेलात ते लिहून आणा, तीन रकान्यांत: कामाचं, घरचं, आणि विमान रिकामं असताना दुसऱ्याला भाड्याने देता आलं असतं असे दिवस.

आठवड्याने ते शाळकरी वही घेऊन आले. सुनेने पट्टीने रकाने आखून दिले होते. कामाच्या रकान्यात हुबळी, मुंबई, अहमदाबाद अशी दीड पान भरली होती. घरच्या रकान्यात बंगळूरची मुलगी आणि दोन लग्नं. तिसरा रकाना कोरा होता. "हे मला भरता आलं नाही," ते म्हणाले, "कोण भाड्याने घेणार ते मला माहीतच नाही."

ती वही समोर ठेवूनच आम्ही एका परवानाधारक कंपनीला फोन लावला आणि गोवा-हुबळी-गोवा एका दिवसाचं भाडं काय पडतं ते विचारलं.